परवानगी पुस्तकातच छापलेली आहे

पत्र : मी खानापूर तालुक्यातल्या एका डिग्री कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात साठ मुलं. निम्म्याहून जास्त मराठी शाळेतून आलेली, उरलेली कन्नड आणि उर्दू माध्यमाची. पेपर मात्र इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. २०२४-२५ ला अभ्यासक्रम पुन्हा बदलला. तेव्हापासून मुलं बाजारातल्या गाइडवर आहेत, तेही दोघा-तिघांत एक. मध्यंतरी इंटरनेटवर ओपनस्टॅक्सचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' मोफत मिळालं. पुस्तक सुरेख आहे, पण उदाहरणं सगळी अमेरिकेतली. त्याचं मराठी करून मुलांना झेरॉक्स दिलं तर कायद्यात अडकेन का? प्राचार्य म्हणतात, "विद्यापीठाच्या यादीत नाही ते फुकटचं कशाला?" आणि एवढं मोठं पुस्तक एकटीनं मराठीत होईल का? सुरुवात कुठून करू?
– अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका

मॅडम, नमस्कार.

कायद्यात अडकणार नाही. तुम्हाला मिळालेलं पुस्तक अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सनं काढलेलं आहे. त्याची तिसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे लेखकांनी आपलं काम इतरांना वापरायला द्यावं यासाठी तयार केलेल्या परवान्यांपैकी, 'सीसी बाय ४.०' या परवान्याखाली. म्हणजे प्रत काढा, भाषांतर करा, धडे गाळा, उदाहरणं बदला, छापून वाटा; कुणाला पत्र पाठवून विचारायची गरज नाही. अट एवढीच, की मूळ कुणाचं ते सांगायचं, परवान्याचा उल्लेख करायचा आणि आपण बदल केलेत हेही लिहायचं. पीडीएफ उघडल्यावर सुरुवातीच्या पानांत परवाना छापलेला असतो. ते पान आणि पीडीएफ दोन्ही आजच जपून ठेवा. ओपनस्टॅक्सच्या सगळ्या पुस्तकांना एकच परवाना नाही, पुढच्या आवृत्तीला दुसरा असू शकतो; पण एकदा दिलेला परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही. तुमच्या हातातल्या प्रतीवर जे छापलंय तेच धरून चाला.

आता प्राचार्यांच्या 'फुकटचं' या शब्दाबद्दल. या पुस्तकाची किंमत शून्य आहे ही त्यातली लहान गोष्ट. खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या साठ मुलांसाठी मराठी समजावणी, इंग्रजी संज्ञा आणि कन्नड प्रतिशब्द असं तिहेरी पुस्तक कुठलाही प्रकाशक काढणार नाही. त्याला ते परवडणारंच नाही. ते काम करायचा हक्क या परवान्यानं तुम्हाला दिलाय. महागातलं महाग विकतचं पुस्तक घेतलं तरी हा हक्क त्यात येत नाही.

इथे 'मोफत' आणि 'मुक्त' यांची गल्लत करू नका, बहुतेक जण तिथेच चुकतात. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात आणि तुमच्या मुलांना ती सहज समजतील. पण त्यांचे हक्क राखीव आहेत. ती वाचायला सांगा, त्यातल्या संज्ञा खुशाल वापरा, परिच्छेद उचलून आपल्या पुस्तिकेत घालू नका. कॉलेजांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या एन-लिस्ट योजनेच्या लॉगिनवर दिसणारी पुस्तकंही तशीच, वर्गणी भरून वाचायला मिळालेली. यूट्यूबवरच्या व्याख्यानांचंही तेच, खाली परवाना लिहिलेला नसेल तर फक्त दुवा द्यायचा. राहता राहिलं वर्गासाठी झेरॉक्स. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(आय) मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला प्रत काढायची सूट आहे आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं ती बऱ्यापैकी रुंद धरली. पण त्या सुटीच्या भरवशावर एखाद्या राखीव पुस्तकाचं भाषांतर करून ते इंटरनेटवर टाकता येईल असं समजू नका. तुम्हाला जे करायचंय त्याला मुक्त परवानाच लागतो.

परवान्याची अक्षरं ओळखायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे. नुसतं 'बाय' असेल तर श्रेय द्या आणि हवं ते करा. 'एसए' जोडलं असेल तर तुमचं रूपांतरही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. विकिपीडियाचा मजकूर असा आहे. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरायचं नाही. 'एनडी' म्हणजे बदलून वाटायचं नाही, आणि भाषांतर हा बदलच आहे. म्हणून 'एनडी' दिसलं की ते साहित्य तुमच्या कामाचं नाही, कितीही चांगलं असो. एक अडचण पुढे येईल ती आत्ताच सांगतो : 'बाय-एसए' आणि 'बाय-एनसी-एसए' हे दोन मजकूर एकमेकांत मिसळून एक धडा करता येत नाही. दोघांच्या अटी एकमेकींना छेद देतात. वेगवेगळे धडे म्हणून शेजारी ठेवता येतात, प्रत्येकावर त्याचा परवाना लिहून.

'एनसी' असलेलं साहित्य झेरॉक्सवाल्याकडे दिलं तर तो पैसे घेतो, मग तो धंदा झाला का, असा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत यावर खटले झाले आणि तिथल्या दोन अपील न्यायालयांनी २०१८ आणि २०१९ मध्ये सांगितलं, की शाळेच्या सांगण्यावरून दुकानानं छपाईचे पैसे घेऊन प्रती काढल्या तर परवाना मोडत नाही. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण त्यातला फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कॉलेजनं ऑर्डर दिली आणि दुकानदारानं छपाई घेतली, हे एक. दुकानदारानं गठ्ठा करून काउंटरवर विकायला ठेवला, हे दुसरं. 'एनसी' असेल तर दुसरं होऊ देऊ नका. तुमचं पुस्तक 'बाय' आहे, त्यामुळे या चिंतेतून तुम्ही मोकळ्या आहात.

आता काम. पुस्तक शेकडो पानांचं आहे. ते सगळं मराठीत आणायचा विचार सोडा. असे संकल्प तिसऱ्या धड्यात बंद पडतात आणि मग कॉलेजात 'आधी एकदा करून पाहिलं होतं' एवढंच उरतं. एक युनिट घ्या. अभ्यासक्रमाचा कागद डाव्या हाताला आणि पुस्तकाची अनुक्रमणिका उजव्या हाताला ठेवून प्रत्येक मुद्द्यासमोर धडा आणि भाग लिहा. मागणी-पुरवठा तिसऱ्या धड्यात आहे, लवचिकता पाचव्या, उपभोक्त्याची निवड सहाव्या, उत्पादन आणि खर्च सातव्या, पूर्ण स्पर्धा आठव्या, मक्तेदारी नवव्या. जिथे समोर काही सापडत नाही ती जागा रिकामी ठेवा. भारतीय अर्थव्यवस्थेचे मुद्दे बहुतेक रिकामेच राहतील, त्यासाठी हे पुस्तक नाही.

सुरुवात तिसऱ्या धड्यापासून करा. पहिल्या सेमिस्टरला तो येतोच, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे, आणि आपल्याकडची उदाहरणं त्यात सर्वांत सहज बसतात. बत्तीस छोट्या पानांची पुस्तिका धरा. मजकूर साधारण साडेपाच हजार शब्दांचा होईल. सवय नसताना तासाला अडीचशे-तीनशे शब्द नीट उतरतात, म्हणजे वीस तास भाषांतराला आणि दहा तास तपासायला. आठवड्याला चार तास काढले तर दोन महिने. मूळ धडा याहून मोठा आहे. तो ओळीला ओळ उतरवू नका, तुमच्या युनिटला लागेल तेवढाच घ्या. परवाना गाळायलाही मोकळीक देतो.

धड्यातलं मुख्य उदाहरण पेट्रोलचं आहे, भाव गॅलनला डॉलरमध्ये. एक डॉलरला मागणी ८००, पुरवठा ५००. एक डॉलर वीस सेंटला ७०० आणि ५५०. एक चाळीसला दोन्ही ६००, तो समतोल. एक ऐंशीला मागणी ५०० आणि पुरवठा ६८०. हे आकडे टाकून देऊ नका, ते विचार करून निवडलेले आहेत. फक्त भावाला हजारानं गुणा आणि गॅलनच्या जागी क्विंटल लिहा. वस्तू घ्या रताळी. बेळगाव-खानापूरच्या मुलांना रताळी सांगावी लागत नाहीत, कित्येकांच्या घरच्या शेतात ती असतात. आता क्विंटलला १,४०० रुपये भाव असताना ६०० क्विंटल घेणारे आणि ६०० क्विंटल विकणारे आहेत. भाव १,८०० वर गेला तर १८० क्विंटल माल यार्डात पडून राहतो; १,२०० वर आला तर १५० क्विंटल कमी पडतो. आलेख तोच राहतो, फक्त अक्षांवरची नावं बदलतात. खाली 'आकडे काल्पनिक आहेत' ही ओळ घाला. नाहीतर वर्गातलाच कुणीतरी उठून म्हणेल, काल बाबांना एवढा भाव मिळाला नाही, आणि तास तिकडेच जाईल. खरा भाव पाहायचाच असेल तर भारत सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात, तोही डेटा मुक्त परवान्याचा. इंटर्नलच्या असाइनमेंटला तो उत्तम.

वस्तू बदलली की एक काळजी घ्यावी लागते आणि ती घाईत राहून जाते. पुढच्या भागात पुस्तक मोटारींकडे वळतं : वीस हजार डॉलर किंमत तीच, पण लोकांचं उत्पन्न वाढल्यावर खप १ कोटी ८० लाखांवरून २ कोटींवर जातो. हा वक्र, म्हणजे आलेखातली मागणीची रेघच, सरकण्याचा मुद्दा आहे. तुम्ही पहिल्या भागात रताळी आणली आणि इथे मोटारी तशाच ठेवल्या तर मुलांचा धागा तुटतो. इथेही रताळीच चालवा. महाशिवरात्र आणि एकादशी आली की भाव तोच असला तरी मागणी वाढते : वक्र उजवीकडे. साबुदाणा महागला की काही घरं रताळ्याकडे वळतात : पर्यायी वस्तू. काढणीच्या दिवसांत पावसानं शेतात पाणी साठलं : पुरवठ्याचा वक्र डावीकडे. उत्पन्नाच्या मुद्द्याला मात्र रताळी कच्ची पडतात, तिथे दुचाकी घ्या. वस्तू बदलली ती जागा पेन्सिलीनं वर्तुळ करून ठेवा आणि धडा संपल्यावर पहिल्यापासून वाचून पेट्रोल, गॅलन, डॉलर कुठे उरलेत ते शोधा. आलेखाखालच्या बारीक ओळीत आणि स्वाध्यायात ते हटकून उरतात.

वक्रावरून सरकणं आणि वक्रच सरकणं, यांत मुलं परीक्षेत सर्वांत जास्त घोटाळा करतात. त्यासाठी तुमच्या बसस्टँडावरचं उदाहरण पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा सरस आहे. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसचं तिकीट शून्य झालं. प्रवास वाढला, तो भाव उतरल्यामुळे : त्याच वक्रावर खाली सरकलो. सकाळी कॉलेजच्या वेळेला गर्दी होते, ती मात्र कॉलेजची वेळ आहे म्हणून : तिथे त्या वेळेचा वक्रच उजवीकडे आहे. शेजारी महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. चंदगडकडे जाणाऱ्या मुलीला दोन राज्यांच्या दोन बसचे दोन भाव तोंडपाठ असतात. 'बाकी परिस्थिती कायम असताना' ही सगळ्यांत रुक्ष अट याच उदाहरणावर समजावता येते : दोन बसची वेळ आणि थांबे सारखे नसतील तर फरक नुसत्या भावाचा म्हणता येईल का, असं विचारा.

किमान किमतीच्या भागात पुस्तक युरोपातल्या शेतीकडे बोट दाखवतं. तिथे उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, घाला. २०२५-२६ हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, म्हणजे टनाला ३,५५०. ऊस नियंत्रण आदेश १९६६ खाली ती कारखान्याला द्यावीच लागते, म्हणून पुस्तकातल्या 'किमान किंमत' या कल्पनेत ती नेमकी बसते. गहू-भाताचा हमीभाव तसा नाही. तो सरकार स्वतः खरेदी करतं त्याचा भाव आहे. व्यापाऱ्यानं त्याहून कमी दिलं तर बेकायदा होत नाही. दोन्ही एकाच चौकटीत टाकलेली दिसतात, तुम्ही टाकू नका. एफआरपी शिकवताना पैसे मिळायला लागणारा उशीर आणि तोडणीचा मुद्दा मुलं काढतीलच. किमान किंमत बांधली की समतोल बिघडतो तो कुठे कुठे, याचंच ते उत्तर आहे. दोन ओळी रिकाम्या सोडा, मुलं लिहितील.

भाषेकडे येऊ. मशीन भाषांतराचा कच्चा खर्डा घ्यायला हरकत नाही, टायपिंग वाचतं. पण ते या विषयात ठरावीक ठिकाणी घसरतं. मागणी पत्रकातला 'शेड्यूल' हा शब्द 'वेळापत्रक' होऊन येतो. 'नॉर्मल गुड'मधला 'गुड' वस्तूऐवजी 'चांगला' होतो. व्याज या अर्थाच्या 'इंटरेस्ट'ची 'आवड' होते, वक्राच्या 'शिफ्ट'ची 'पाळी' होते, सीमांत या अर्थाच्या 'मार्जिन'चा 'समास' होतो. ही पाच नावं खर्ड्यात शोधून आधी दुरुस्त करा, मग बाकीचं वाचा. संज्ञांसाठी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश आहे, तो ऑनलाइन शोधता येतो. मात्र कोशातला शब्द मुलांना बोजड वाटला तर पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही शब्द द्या आणि पुढे सोपा चालवा. तो शेवटपर्यंत एकच ठेवा. एका पानावर समतोल, दुसऱ्यावर संतुलन झालं की मुलांना त्या दोन गोष्टी वाटतात.

पुस्तिकेच्या सुरुवातीला तीन रकान्यांचं एक पान हवंच : इंग्रजी, मराठी, कन्नड. साधारण चाळीस शब्द. मागणी – बेडिके, पुरवठा – पूरैके, बाजारपेठ – मारुकट्टे, किंमत – बेले. कन्नड रकाना कन्नड लिपीतच छापा आणि तो विभागातल्या कन्नड भाषक सहकाऱ्याकडून तपासून घ्या. शब्दकोश पाहून भरू नका. कारण दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेले शब्द सारखे दिसतात आणि वेगळे निघतात. कन्नडमध्ये एकस्वाम्य म्हणजे मक्तेदारी, मराठीत एकस्व म्हणजे पेटंट. कन्नड अर्थशास्त्रात लवचिकतेला स्थितिस्थापकत्व म्हणतात, तोच शब्द तुमच्या मुलांनी मराठी शाळेत विज्ञानाच्या तासाला ऐकलेला असतो. असे शब्द पानावर ठळक करा. हे पान झालं की पुस्तिका वर्गातल्या कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या मुलांच्याही उपयोगाची होते, आणि ती फक्त मराठीवाल्यांची आहे असं कुणी म्हणू शकत नाही. आपल्या भागात याला किती महत्त्व आहे ते तुम्हाला सांगायला नको.

मुलांना शेवटी इंग्रजीत किंवा कन्नडमध्येच लिहायचंय, हे विसरून चालणार नाही. मराठी ही समजण्यासाठी आहे. म्हणून प्रत्येक भागाचं शीर्षक अभ्यासक्रमात आहे त्याच इंग्रजी शब्दांत ठेवा, आणि भागाच्या शेवटी व्याख्या तीन-चार सोप्या इंग्रजी वाक्यांत चौकटीत द्या. ती मूळ पुस्तकातून जशीच्या तशी घेता येते. कन्नडमध्ये पेपर लिहिणाऱ्यांसाठी तीच चौकट सहकाऱ्यानं कन्नडमध्ये करून दिली तर फारच बरं. ही चौकट नसली तर मुलांना विषय कळतो आणि पेपरात हात थांबतो.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर तसंच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, करा. झेरॉक्सच्या दुकानात अजून जुने मराठी फॉन्ट चालतात, कन्नडचं काम 'नुडी' या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. कागदावर ते छान दिसतं. तीच फाइल मुलाच्या मोबाइलवर गेली की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो, आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती करायला घेतली की शोधून शब्द सापडत नाही. कुणी जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिलाच तर परिवर्तक वापरून आधी युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' बहुधा तिथेच मोडतात. फॉन्ट 'मुक्ता' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. दुसऱ्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात. लिहायला लिबरऑफिस रायटर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून छोटे छोटे धडे आहेत. मूळ मजकूर पीडीएफमधून उचलू नका, ओळी तुटतात. ओपनस्टॅक्सच्या संकेतस्थळावरच्या वेबपानावरून घ्या.

आलेख नव्यानं काढा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये वरचे आकडे टाकले की दहा मिनिटांत होतो आणि अक्षांवर मराठी नावं येतात. फोटो शक्यतो घेऊच नका. पुस्तकातले फोटो बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाचे असतात आणि प्रत्येकाखाली त्याचं वेगळं श्रेय असतं. घेतलात तर ते श्रेयही सोबत आणावं लागतं. ओपनस्टॅक्सचं बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ परवान्यात येत नाही. मुखपृष्ठ तुमचं तुम्ही करा.

श्रेयाची ओळ अशी लिहा : 'या पुस्तिकेचा आधार : प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स, तिसरी आवृत्ती, लेखक स्टीव्हन ग्रीनलॉ, डेव्हिड शापिरो, डॅनियल मॅकडोनाल्ड, ओपनस्टॅक्स, राईस विद्यापीठ, परवाना सीसी बाय ४.०. मराठी भाषांतर, संक्षेप आणि स्थानिक उदाहरणं : (तुमचं नाव), वर्ष.' परवान्याचा आणि पुस्तकाचा वेबपत्ता शेजारी. याखेरीज पुस्तक ओपनस्टॅक्सच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं, अशी त्यांनी ठरवून दिलेली इंग्रजी ओळ प्रत्येक पानावर असावी, अशी अट त्यांच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. ती पानाच्या तळटिपेत एकदा घातली की सगळ्या पानांवर आपोआप येते.

छपाईचा हिशेब. ए-फोर कागद मधून दुमडून केलेली पुस्तिका घ्या. पानांची संख्या चारच्या पटीत हवी. बत्तीस पानांना आठ कागद लागतात. साठ मुलांना ४८० कागद, म्हणजे पाचशेची एक रीम, आणि खराब होणाऱ्या प्रतींसाठी वीस कागद उरतात. छपाईच्या ९६० बाजू होतात. बाजूला एक रुपया धरला तर मुलामागे सोळा रुपये, कागद वेगळा. छापताना 'ब्रोशर' हा पर्याय निवडा आणि पाठपोट छपाई कागदाच्या आखूड कडेवरून उलटायला सांगा. लांब कडेवरून उलटली तर प्रत्येक मागची बाजू उलटी येते, आणि हे अख्खी रीम संपल्यावर कळतं. आधी एकच प्रत काढून, दुमडून, पानांचे क्रमांक वाचून बघा, मग बाकीच्या. अक्षर अकरा पॉइंटच्या खाली नेऊ नका, वेलांट्या आणि अनुस्वार झेरॉक्समध्ये बुजतात.

मोबाइलसाठी वेगळी पीडीएफ करा, दोन-तीन एमबीच्या आत. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलांना नेटवर्क मिळेल तेव्हाच काही उतरवता येतं. कॉलेजात असतानाच फोनवरून फोनवर देऊन टाका. दुवा पाठवून भागणार नाही.

प्राचार्यांशी वाद घालू नका, कागद ठेवा. नेमलेली पुस्तकं यादीत आहेत तशीच राहतील, ही पूरक पुस्तिका आहे आणि सोबत युनिटचा तक्ता, एवढं अर्ध्या पानावर द्या. संलग्न कॉलेजला अभ्यासक्रम बदलता येत नाही, पण पूरक साहित्य द्यायला कुणाची आडकाठी नसते. त्याच अर्जात एक गोष्ट लिहून घ्या : पुस्तिका मुक्त परवान्यानं प्रसिद्ध करायला कॉलेजची हरकत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७(सी) प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जाऊ शकतो. तुमच्या बाबतीत जाईल की नाही यावर पुढे भांडण होण्यापेक्षा एक सही बरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांच्या तक्त्यात भाषांतराला प्रकरणामागे ३ आणि पुस्तकाला ८ गुण आहेत. तुमचं काम त्यात बसवता येईल का, ते आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, आधी विचारा.

तुमच्या पुस्तिकेला कोणता परवाना द्यायचा? 'बाय-एसए' द्या. 'बाय'वरून त्याकडे जाता येतं. मग एखाद्या गाइडवाल्यानं तुमचा मजकूर घेऊन छापला तरी त्याला तो तुमच्या नावानं आणि मुक्तच ठेवावा लागेल, आणि निपाणीच्या किंवा बेळगावच्या कॉलेजातल्या कुणा शिक्षकाला रताळ्याऐवजी तंबाखू घालून पुढे वापरता येईल. पीडीएफसोबत बदलता येणारी मूळ फाइलही द्या. नुसती पीडीएफ दिली तर परवाना असूनही कुणी काही बदलत नाही. एवढं ध्यानात असू द्या, की परवाना दिल्यावर तो परत घेता येत नाही; म्हणून पहिली प्रत वर्गात एक सेमिस्टर वापरून मगच बाहेर सोडा.

त्या सेमिस्टरला पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं ठेवा, वर 'चुका आणि न समजलेलं' एवढंच छापून. युनिट संपल्याच्या दिवशी साठही पानं फाडून गोळा करा. सुट्टीत ती घेऊन बसा, दुरुस्त करा, मुखपृष्ठावर 'आवृत्ती २' आणि महिना घाला. मग पाचवा धडा उघडा. लवचिकतेला रताळी पुन्हा उपयोगी पडतील.